पान लागू नये, म्हणजे साप चावू नये, म्हणून पायात काय घालावं: काळ्या रानासाठी बुटांची निवड

आमचं रान बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, मांजरा नदीच्या खोऱ्यात. खाली काळी भारी जमीन, वर बालाघाटाचा मुरमाड माळ. सोयाबीन, तूर, थोडा कापूस, कडेला ऊस. खुरपणीला नि काढणीला ज्या बाया येतात त्यांच्या पायातले बूट मीच घेते. त्यामुळे बाजारात गमबूट हातात धरला की तो आमच्या चिखलात टिकेल का हे कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो पायात राहील का, हेही कळतं. कारण चांगला जाड, भारीतला बूट बाया सकाळी घालतात आणि अकराला बांधावर काढून ठेवतात. मग त्याचा जाडपणा काय कामाचा? म्हणून बूट निवडताना मी आधी बघते तो दिवसभर अंगावर निभेल का, आणि मग सापाचा दात अडवेल का.

दात अडवणं का गरजेचं, तेही सांगते. आपल्याकडचे विषारी साप बहुतेक करून पंजा, घोटा आणि पोटरीच्या खालच्या भागावर चावतात. गवतात पाय पडतो, सापावर किंवा त्याच्या शेजारी पडतो, आणि काम होतं. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण ५८ हजार. त्यात खेड्यातली माणसं जास्त आणि पावसाळ्याचे महिने जास्त. खुरपणीचा हंगामही तोच.

माळावर फुरसं. फूट-दीड फुटाचं, दगडाखाली बसतं, खवले घासून करकर करतं आणि फार चटकन झेपावतं. ते लहान असल्याने त्याचा मारा पंजावर आणि घोट्यावर. खाली काळ्या रानात घोणस. जाड, सुस्त दिसणारी, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार टाकणारी. तिचे विषदंत दीड सेंटीमीटरच्या आसपास लांब असू शकतात, आणि बूट निवडताना खरा हिशेब हिचाच करायचा. नाग बहुधा फणा काढून आधी सांगतो. मण्यारीचं प्रकरण वेगळं, तिच्यावर पुढे येते.

गमबूट घेताना

पावसाळ्यासाठी पीव्हीसीचा गमबूटच. केजच्या बाजारात साधारण ३०० ते ६०० रुपयांत जोड मिळतो. घोट्यापर्यंतचा आखूड बूट घेऊ नका, तो बागेत पाणी घालणाऱ्यांसाठी. नळी निम्म्या पोटरीच्या वर यायला हवी, गुडघ्याच्या खाली चार बोटं थांबली तर उत्तम. गुडघ्याला टेकणारा बूट खुरपायला उकिडवं बसलं की मागून मांडीत रुततो आणि तासाभरात बाई वैतागते.

मग नळी अंगठ्याने दाबून बघा. कागदासारखी चेपली आणि घडी पडली तर ठेवून द्या. दाबल्यावर जोर लागला आणि सोडल्यावर लगेच जागेवर आली तर ती बरी. घोट्याजवळ आणि पंजाच्या वरच्या बाजूला जाडी किती आहे हे आत हात घालून चाचपा. बूट बनवणारे तळवा जाड करतात आणि वर हात आखडतात, आणि साप तर वरूनच चावणार. आयएसआय खूण असेल तर बघून घ्या. कुठलाही पीव्हीसी बूट घोणसीचा दात शंभर टक्के अडवतो असं मी सांगणार नाही. बूट दोन गोष्टी करतो: दाताची खोली कमी करतो, आणि पाय व नळी यांच्यात जी मोकळी जागा असते तिच्यात बराचसा दात वाया घालवतो. म्हणून नळी पोटरीला घट्ट बसलेली नको, एक-दोन बोटं आत जातील एवढी सैल हवी.

टाच मात्र सैल नको. आमची काळी माती भिजली की बूट खाली धरून ठेवते, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. मोजे घालूनच माप घ्या आणि संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय फुगलेला असतो. दुकानात दोन पायऱ्या चढून उतरून बघा, टाच आत उचलते का ते. तळव्याची नक्षी फार बारीक आणि दाट असेल तर ती पाच मिनिटांत मातीने भरते आणि बूट दुप्पट जड होतो. खाचा रुंद, एकमेकींपासून लांब असाव्यात. खुरप्याच्या पाठीने खरवडल्या की मोकळ्या होतात.

एमआयडीसीतल्या सेफ्टी शूजबद्दल पुष्कळ जण विचारतात, कारण वाळूजला कंपनीत असलेली पोरं जुने जोड गावाकडे आणून देतात. त्यांच्या पुढच्या टोकात लोखंडी टोपी असते. दगड पडला तर बोटं वाचतात. पण घोट्याच्या वर सगळं उघडं, आणि चिखलात चामडं भिजून दगड होतं. उन्हाळ्यात विहिरीच्या नाहीतर बांधबंदिस्तीच्या कामाला ठीक, जून ते सप्टेंबर नको.

बायकांच्या पायाचं काय

दुकानातले गमबूट बहुतेक ६ नंबरपासून सुरू होतात. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांना ३, ४, फार तर ५ लागतो. दुकानदार म्हणतो, "मोजे दोन घाला की." दोन मोज्यांनी लांबी भरत नाही, बाई अडखळते आणि खुरपं हातात असताना अडखळणं वाईट. त्याला ३ ते ५ नंबरचे एकदम जास्त जोड हवेत असं सांगा. एकाला नाही म्हणणारा दुकानदार दहांना बरोबर मागवून देतो. बचत गटाने मिळून मागवले तर भावातही घासाघीस होते. मापासाठी सगळ्यांना कागदावर उभं करून पेन्सिलीने पाय आखून घ्या, सांगितलेल्या नंबरावर जाऊ नका, कारण ज्यांनी कधी बूटच घातला नाही त्या अंदाजाने सांगतात.

दुसरी अडचण साडीची. गोल साडीचा काठ नळीत जातो, भिजतो आणि पायाला घासून सालटं काढतो. आमच्यातल्या काही जणी साडीच्या आत नवऱ्याची जुनी पँट घालतात, वरून त्याचाच फुल शर्ट, आणि साडी गुडघ्यापर्यंत वर खोचतात. दिसायला काही का असेना, कामाला याच्यासारखं काही नाही. पँटचा पाय बुटाच्या आत कोंबू नका, नळीवरून बाहेर सोडा. सैल लोंबणारं जाड कापड सापाला आधी सापडतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं. मिठाच्या कोमट पाण्याने भरलेले रबरी हातमोजे रॅटलस्नेकपुढे धरले, काही उघडे आणि काही जीन्सच्या कापडात गुंडाळलेले. २००९ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात, उघड्या हातमोज्यात जेवढं विष गेलं त्याच्या निम्म्याहूनही कमी कापडवाल्यात गेलं. तो साप त्यांच्याकडचा, आपल्याकडचा नाही. पण दात आणि कापडाचा व्यवहार सगळीकडे सारखाच.

जोडवी आणि पैंजण बुटात रुततात, त्यामुळे पैंजण घरी ठेवून यायला सांगते. जोडव्यांवरून मात्र वाद होतो. मी वाद घालत नाही, फक्त जोडवं साबण लावून निघतं का ते प्रत्येकीने हंगामाच्या आधी बघून ठेवावं. का, ते शेवटी कळेल.

आणि एक पिढीचा प्रश्न. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, "काळ्या आईवर बूट घालून नाचायचं का?" खळ्यावर चप्पल न्यायची नाही ही रीत मीही पाळते, रास पडल्यावर आम्ही सगळे अनवाणी असतो. पण खळं झाडून-सारवून साफ असतं, गुडघाभर सोयाबीनमध्ये तसं काही नसतं. एवढं सांगितल्यावर त्यांनी माझे बूट स्वतः ओट्यावर उचलून ठेवायला सुरुवात केली.

कोरड्या दिवसांसाठी

दसरा उलटला की गमबुटात पाय उकडतो. कापूस वेचणी, तूर काढणी यांना कॅनव्हासचे उंच जंगल बूट बरे. हलके असतात, घाम सुकतो, दोरीने घोटा आवळता येतो. पण कॅनव्हास एकटं दाताला पुरत नाही. त्यावर पोटरीचं कवच हवं. बाजारात कडक प्लास्टिकच्या पट्ट्या घातलेली तयार कवचं मिळतात. जंगलात काम करणारे आणि सर्पमित्र ती वापरतात. महाग वाटली तर गावच्या टेलरकडून शिवून घ्या: जुन्या जीन्सचे दोन पदर, बाहेरून रेक्झिन, मागे तीन ठिकाणी चिकटपट्टी (व्हेल्क्रो), खाली बुटाच्या दोरीत अडकवायला आकडा. खालची कड पंजावर चार बोटं उतरायला हवी, नाहीतर बुटाची जीभ आणि कवच यांच्या मधोमध नेमकी फट राहते. शिवलेलं कवच फुरशाला बऱ्यापैकी अडवेल. घोणसीपुढे ते फक्त विष कमी करेल, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा ठेवा.

तुरीचे खुंट आणि ज्वारीची धसकटं पातळ तळव्यातून थेट वर येतात, म्हणून या दिवसांत तळवा जाड बघा.

बूट घातल्यानंतर

बूट आला म्हणून धीट होऊ नका. हातात काठी असू द्या, पुढचं गवत हलवा, जड पाऊल टाका, जमिनीचा हादरा सापाला कळतो आणि बहुतेक वेळा तो वाट सोडतो. साप दिसला तर बुटाने डिवचायचा नाही.

पाय झाकले की हात उरतात. सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी, मोडताना, कडब्याची पेंडी उचलताना, सरपणात हात घालताना आधी काठीने सरकवा, मग उचला. वेचणीला जाड हातमोजे चालत नाहीत हे मला माहीत आहे, पण पेंढ्या वाहताना चामड्याचे घालता येतात.

रात्री पाणी धरायला जाणाऱ्यांची गोष्ट जास्त काळजीची. थ्री-फेज लाइट पाळीने येते, काही दिवस रात्रीच येते, आणि माणूस झोपेतून उठून चपलेवर निघतो. गमबूट आणि बॅटरी मोटारीच्या चावीशेजारीच ठेवा, म्हणजे एक घेताना दुसरं दिसतं. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, दोन्ही हात फावड्याला मोकळे राहतात.

मण्यारीला बुटाचा उपाय नाही. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि कधीकधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं कोपीत, म्हणजे झोपडीत, भुईवर निजतात, त्यांनी बुटाआधी मच्छरदाणी घ्यावी आणि ती अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचावी.

बूट सुकवायचे ते सावलीत, उलटे, खुंटीवर. उन्हात पीव्हीसी कडक होऊन घडीवर तडकतं. आत कागदाचे बोळे कोंबा. मोजे सुती, रोज धुतलेले, शक्य तर दुपारी बदलायला दुसरा जोड. नाहीतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि त्याच कारणाने बूट सुटतो. सकाळी घालण्याआधी प्रत्येक बूट उलटा करून दगडावर दोनदा आपटायचाच. आत विंचू बसलेला असतो. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातले, पण त्यांचं संशोधन आपल्याला लागू नये अशीच व्यवस्था केलेली बरी.

तरीही पान लागलंच तर

बूट आणि जोडवी लगेच, हळू हाताने काढा. सूज चढली की जोडवं कापावं लागतं आणि ते बोटाचा रक्तपुरवठा अडवतं. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. मारुतीच्या पारावर नेऊन कडुलिंबाचा पाला चावायला लावण्यात जो वेळ जातो तोच औषधाचा वेळ असतो. पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, चालू देऊ नका, १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. आमच्या भागातून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल गाठतात. वाटेत सरकारी रुग्णालय असेल तर आधी तिथेच लस सुरू करून घ्या. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याचा उद्योग करू नका.

मृग लागायच्या आधी सगळे जोड बाहेर काढा, आत पाणी भरून दहा मिनिटं ठेवा. तळव्याजवळ गळत असेल तर सायकलच्या दुकानातून ठिगळ लावता येतं, घोट्याच्या घडीवर तडा गेला असेल तर ठिगळ टिकत नाही. असा बूट टाकायचा, पण नळी कापून ठेवायची. ती उभी चिरून, कडेला भोकं पाडून सुतळीने आवळली की जंगल बुटावर घालायचं कवच फुकटात तयार होतं. कापलेली कड मेणबत्तीवर जरा धरा, नाहीतर ती पायाला कापते.