करार झाला, पोरं गेटवरच: या चुका टाळा

आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक, म्हणजे कारागिरी शिकवणारा शिक्षक, म्हणून माझी उभी नोकरी गेली. निवृत्तीनंतर शाळा, आयटीआय आणि एमआयडीसी यांची गाठ घालून द्यायचं काम करतो. दर जूनमध्ये कुणातरी उत्साही माणसाचा फोन येतो, "सर, आमच्या तालुक्यातल्या पोरांसाठी कंपनी बघून द्या, पंधरा दिवसांत जमवूया." कोल्हापुरात पंधरा दिवसांत लग्नाचा हॉल मिळत नाही.

आधी फोटो, मग काम

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार, कारण ती मीही केली आहे. एका संस्थेनं कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फौंड्रीशी, म्हणजे लोखंड वितळवून ओतणाऱ्या कारखान्याशी, सामंजस्य करार केला. फेटे, नारळ, शाल, पेपरात चार कॉलमी फोटो. त्यात डावीकडून तिसरा मी. पाच महिन्यांनी बावीस पोरं घेऊन सकाळी साडेसातला गेटवर गेलो, तर वॉचमनच्या वहीत आमची नोंदच नाही. सही करणारे एचआर मॅनेजर नोकरी सोडून पुण्याला गेलेले, मालक परगावी. शेवटी फोरमन बाहेर आला. त्यानं आमच्या पत्राकडं बघितलंच नाही, पोरांच्या पायांकडं बघितलं. सतरा जणांच्या पायांत चपला. "सर, आत मेटल ओतायला लागलोय. ह्यांना उभं कुठं करू?" चौदाशे अंशांच्या आसपासचं ओतीव लोखंड आणि पोरांच्या पायात चपला! मी गप्प.

पोरांना घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर बसलो. तासाभरानं तोच फोरमन तिथं आला. खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, काढला, एका बुशला लावला आणि एका पोरापुढं धरला. "वाच." मुख्य पट्टीवर 24, खालच्या पट्टीची अठरावी रेघ जुळलेली. पोरगं म्हणालं, "चोवीस पॉइंट अठरा." दुसरं म्हणालं, "पंचवीस असंल." खालच्या पट्टीच्या एका रेघेची किंमत (लीस्ट काउंट) 0.02, म्हणजे अठरा दुणे छत्तीस, उत्तर 24.36 मिलिमीटर. बावीसांत दोघांना आलं. फोरमन म्हणाला, "सर, सीएनसी मी शिकवतो. मला हे वाचणारी पोरं द्या." आणि आमच्या करारात काय होतं, तर तीन महिन्यांचा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, कोर्स! त्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून मालकाच्या केबिनमध्ये जायच्या आधी मी फोरमनबरोबर दोन चहा पितो. नवीन पोरगं पहिल्या आठवड्यात कुठं चुकतं, एवढंच विचारतो. मग एका कागदावर मराठीत लिहून घेतो: कुठल्या वारी, कुणाला भेटायचं, तो नसला तर दुसरं कोण, सेफ्टी शूजचे पैसे कुणी भरायचे. दोन पोरांची दोन महिने ये-जा झाली की मग करार. फेटा तेव्हाही बांधता येतो. आणि हो, व्हर्नियर आता माझ्या पिशवीतच असतो.

घरच्यांना शेवटी सांगणं

मुलींच्या एका बॅचचं प्रशिक्षण चांगलं झालं, इन्स्पेक्शनच्या कामाला निवडही झाली. दुसऱ्या दिवशी अकरांपैकी चार हजर. मी चिडून एका गावात गेलो. मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "सायब, सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटती म्हणं. आमच्याकडं शेवटची एस्टी साडेआठला हाय." ह्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं, कारण शिफ्टचा विषय आम्ही काढलाच नव्हता. कंपनीची बस त्या गावापासून सहा किलोमीटरवर वळत होती. थांबा पुढं न्यायला एक फोन पुरला, पण तोवर तीन महिने गेले होते.

गावात सभा कधी घ्यायची, हेही लोकांना कळत नाही. रविवारी अकराला शाळेत बोलावतात आणि पाच माणसं आली की गावाला नावं ठेवतात. मी संध्याकाळी दूध घालायच्या वेळी दूध संस्थेच्या दारात उभा राहतो. किटली घेऊन अख्खं गाव तिथं येतं, बायका जास्त. दहा मिनिटं बोलायचं, माईक नको. शहरातल्या पेठांत हेच काम तालमीत होतं. पहिल्या कारखाना भेटीला पोरीबरोबर आईलाही न्यायचं, हा माझा हट्ट आहे. आईनं शॉपमधलं बाथरूम बघितलं की निम्मे प्रश्न तिथंच मिटतात.

शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली, तेव्हा जागा आणि मदत दिली आणि त्या त्या समाजाच्या मंडळींना कारभारात ओढलं. त्यातली काही बोर्डिंगं आजही दसरा चौकाच्या आसपास आहेत. येता-जाता दिसतात, तरी आपण गावाला फक्त टाळ्या वाजवायला बोलावतो.

बाकीच्या, थोडक्यात

प्रत्येक वर्कशॉपपुढं सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाचं, पत्र टाकू नका. ते बंधन 500 कोटी नेटवर्थ, 1,000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी नफा असलेल्या कंपन्यांना लागतं. उद्यमनगरातल्या आठ माणसांच्या शॉपवाल्याकडं पैसे मागू नका, शनिवारचे दोन तास मागा. तो देतो.

अप्रेंटिस, म्हणजे कामावर शिकणारा उमेदवार, हा स्वस्त मजूर नव्हे. 30 किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, चार ते 29 वाल्यांना ऐच्छिक आहे. राष्ट्रीय अप्रेंटिस योजनेतून विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. हे मालकाला सांगा, आणि नोंदणी न करता "असंच ठेवून घ्या" म्हणू नका. मशीनमध्ये हात सापडला तर कोण बघणार?

दहावीची पोरं फौंड्रीत शिकायला पाठवू नका. धोकादायक उद्योगात 18 पूर्ण लागतात. त्यांना पॅटर्न शॉप (जिथं साच्यासाठीचे नमुने करतात), ड्रॉइंग, मोजमाप दाखवा.

शाळेत नवी समिती काढू नका. शिक्षण हक्क कायद्यानं व्यवस्थापन समिती आहेच, तिच्यात 75 टक्के पालक. तिची बैठक लावा.

जुलै-ऑगस्टमध्ये मोठा कार्यक्रम ठेवू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका; 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला म्हणजे भागीदारी झाली, असं मानणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

दुसरा आठवडा

पोरं पहिल्या दिवशी पळत नाहीत, दुसऱ्या आठवड्यात पळतात. फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायची, धूळ, ग्राइंडरचा आवाज, "ए नवीन" म्हणून हाक. म्हणून आठव्या ते चौदाव्या दिवसात मी एकदा जेवणाच्या सुट्टीला जाऊन डबा त्यांच्याबरोबर खातो. परवा एक जण भाकरी मोडत म्हणाला, "सर, सोडणार होतो. पण काल फोरमननं मी घेतलेलं माप त्याच्या वहीत लिहिलं."