रॉक क्रॉलर: आधी वजन, मग मोटर

रिमोटची क्रॉलर, म्हणजे कातळावरून सावकाश चढणारी छोटी गाडी, पहिल्यांदा बांधणारे बहुतेक जण आधी विचारतात, ‘मोटर कुठली घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं असतं. ३५ टर्नची (तारेचे ३५ वेढे असलेली, हळू पण जोरकस) साधी ५४० मापाची ब्रश्ड मोटर आणि २एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) पुरे. उरलेले पैसे सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), टायर आणि पितळेच्या वजनांत घाला. कातळावर वेगाचं काही काम नसतं, चाकानं दगड सोडता कामा नये एवढंच.

मी ॲक्सियलच्या एससीएक्स-१० टू या १/१० मापाच्या किटवरून सांगतोय. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३१३ मिमी. दुसरं किट असलं तरी क्रम हाच ठेवा.

धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब द्या. प्लास्टिकला तो अजिबात लागू देऊ नका, प्लास्टिक तडकतं. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला जुळणारा मोठा) गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करा आणि मग पट्टी काढून घ्या, अंतर बरोबर बसतं. दोन्ही ॲक्सल लॉक असल्यानं, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगानं फिरत असल्यानं, वळताना पुढच्या चाकांवर फार ताण येतो, म्हणून सर्वो धातूच्या गिअरचा आणि किमान २० किलो-सेंमीचा घ्या. त्याला ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) वीजपुरवठा कमी पडला, तर चाक दगडात अडकल्यावर रिसीव्हर बंद पडतो. वेगळा ६ व्होल्टचा बीईसी (बॅटरीतून सर्वोला ठरावीक व्होल्ट देणारं सर्किट) बसवला की ही कटकट संपते.

आता वजन, आणि सगळा खेळ इथेच आहे. पुढची चाकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर. मग उलट करून मागचं मोजा. पुढे ६० टक्के, मागे ४० टक्के येईल असं बघा. बॅटरी मागे असेल तर पुढे आणा. पुढच्या नकलवर (ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणाऱ्या सांध्यावर) पितळेची वजनं लावा. वजन ॲक्सलच्या उंचीवर किंवा त्याहून खाली असावं. छतावरच्या कॅरियरमध्ये डबे, दोर, सुटं चाक दिसायला झकास वाटतं, पण तिथला प्रत्येक ग्रॅम गाडी आडवी पाडायला मदत करतो. हौस असेल तर तेही लावा, मात्र चाचणी झाल्यावर.

चाचणी घरीच करा. प्लायवूडच्या फळीवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवा आणि गाडी त्यावर अशी आडवी उभी करा, की एका बाजूची दोन्ही चाकं उचलायच्या कडेला येतील. फळीची एक कड हळूहळू उचला. वरच्या बाजूची चाकं सुटतील तो कोन मोबाइलवर बघून लिहून ठेवा. गाडी फिरवून दुसऱ्या बाजूनं पुन्हा मोजा. दोन कोनांत फरक आला तर बॅटरी मध्यभागी नाही, किंवा एखादी स्प्रिंग जास्त दाबलेली आहे. मग बॉडी (वरचं कवच) चढवून मोजा, कोन कमी होणारच. किती कमी होतो त्यावरून बॉडी किती जड पडते ते कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशानं पडला ते समजत नाही.

त्यानंतरच दगडावर जा. पुण्यात वेताळ टेकडीचा काळा बसाल्ट कोरडा असताना टायर छान धरतो, पावसाळ्यात शेवाळ आलं की तोच निसरडा होतो. कोकणातला जांभा खरखरीत, पकड उत्तम, पण टायर लवकर झिजवतो. ओढ्यातली काळी वाळू टाळा. त्यातले लोहयुक्त कण मोटरच्या चुंबकाला चिकटून आत जातात. चढाच्या मध्येच थ्रॉटल सोडून बघा. गाडी मागे सरकली तर ईएससीचा ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) १०० टक्के करा.

घरी आल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून किंवा रिकामी ठेवू नका. चार्जरच्या स्टोरेज मोडवर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टला आणा, मगच कपाटात ठेवा.