कॅम्परची फर्नेस पेटत नाही? आधी बॅटरी बघा
अमेरिकेत आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली कॅम्पर गाडी घेऊन डोंगरात मुक्काम केलात आणि ऐन थंडीत फर्नेस, म्हणजे गाडी आतून गरम ठेवणारी गॅसची भट्टी पेटेना, तर लगेच गॅसला दोष देऊ नका. आधी कान द्या. थर्मोस्टॅट वाढवल्यावर पंखा घुरघुरतो, पण ठिणगीची टकटक ऐकू येत नाही? मग बहुधा बॅटरी उतरलीय. पंख्याच्या वाऱ्याने आतली एक पातळ पत्री ढकलली जाते, त्याला सेल स्विच म्हणतात. ती पुरती सरकली तरच पुढे ठिणगी पडते. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास घसरलं की पंखा फिरतो, पण वाऱ्यात जोर नसतो. गाडी किंवा जनरेटर सुरू करून पुन्हा बघा.

टकटक येते पण जाळ नाही, तर गॅस येतोय का हे बघायला शेगडी पेटवा. ज्योत मरतुकडी असेल तर सिलिंडरचा कॉक बंद करून अगदी हळू उघडा. झटक्यात उघडला की सुरक्षा झडप गॅस अडवते. गॅसचा वास आला तर मात्र कॉक बंद करून सरळ बाहेर पडा.

फर्नेसची हवा जिथून आत-बाहेर होते ती बाहेरची जाळीही तुंबलीय का तपासा. कुंभारीण माशीला तिथे मातीचं घर बांधायची भारी हौस!