रात्रीच्या सराफ्यासाठी अट लिहिताना

इंदूरच्या सराफा बाजारात दिवसा दागिन्यांची दुकाने असतात आणि ती बंद झाली की त्यांच्याच दारात भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी यांचे ठेले लागतात. त्यामुळे या बाजाराची माहिती देणारे अ‍ॅप करताना वेळेची अट आधी नीट लिहावी लागते. समजा, खाद्यबाजाराची वेळ आपण रात्री 9 ते 2 धरली आणि त्या वेळेत पडद्यावर ‘सुरू’, एरवी ‘बंद’ असे दाखवायचे आहे.

2017 पासून अँड्रॉइडसाठी गूगलचे अधिकृत पाठबळ असलेल्या कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेत हे काम इफ (जर) आणि एल्स (नाहीतर) यांनी होते. चोवीस तासांच्या घड्याळाप्रमाणे घाईघाईत लिहिली जाणारी अट अशी असते (&& म्हणजे ‘आणि’):

तास >= 21 && तास < 2

कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, तक्रार करत नाही, अ‍ॅपही सुरळीत चालते. फक्त बाजार कायमचा बंद दिसतो, कारण 21 किंवा त्याहून मोठी आणि त्याच वेळी 2 पेक्षा लहान अशी संख्याच नसते. मध्यरात्र मधे आल्याने वेळेचे दोन तुकडे पडतात आणि त्यांतला कोणताही एक लागू पडला तरी पुरे असते. म्हणून येथे ‘किंवा’, म्हणजे ||, हवे, ते असे:

तास >= 21 || तास < 2

सकाळी 7 ते 11 या पोह्यांच्या वेळेला मात्र && हेच बरोबर आहे. तपासताना 20:59, 21:00, 1:59 आणि 2:00 या सीमेवरच्या वेळा घ्याव्यात. त्यासाठी फोनचे घड्याळ मागेपुढे करत बसण्यापेक्षा तास हा अट तपासणाऱ्या फंक्शनला (कोडच्या तुकड्याला) बाहेरून द्यावा. प्रत्यक्ष वापरात तो भारतीय वेळेनुसारच काढावा, नाहीतर अमेरिकेतल्या इंदूरकराला भारतात दिवस असतानाही सराफ्याचा खाद्यबाजार सुरू दिसेल.

अटींची साखळी असेल तर क्रमही महत्त्वाचा ठरतो. 200 रुपयांवर सवलत आणि 500 रुपयांवर मोफत घरपोच सेवा असेल, तर 500 ची अट आधी तपासावी. अन्यथा 600 रुपयांचे बिलही 200 च्या अटीतच अडकते.

पर्याय ठरावीक असतील, उदाहरणार्थ ‘सुरू’, ‘बंद’ आणि ‘सुट्टी’, तेव्हा ते एनममध्ये (ठरावीक नावांच्या यादीत) ठेवून व्हेन, म्हणजे प्रत्येक पर्यायासाठी वेगळी कृती निवडणारी रचना, वापरावे. व्हेनने मूल्य परत द्यायचे असेल आणि एल्स लिहिले नसेल, तर एखादा पर्याय सुटल्यास कंपायलरच अडवतो. अ‍ॅपलच्या स्विफ्ट भाषेतील अशीच रचना असलेला स्विचही सर्व पर्याय मागतो. म्हणून अशा ठिकाणी सवयीने एल्स लिहू नये, कारण पुढे चौथी स्थिती वाढली तर ती गुपचूप त्यातच जाईल.