या चुका टाळा: फुटीच्या मिडफिल्डमध्ये सगळेच घुसणारे नकोत

मेलबर्नच्या उपनगरांतल्या फुटीच्या (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या) लीगमध्ये दर शनिवारी तोच तमाशा बघतो, म्हणून लिहितोय. नवा कोच मॅग्नेटचा बोर्ड काढतो, टीममधले दांडगे गडी मधोमध चिकटवतो आणि मोकळा होतो. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, कोण? उरेल तो.

बोलायला मला तोंड नाही, कारण हेच मी केलंय. जुलैतला सामना, चिखल नाही, वारा नाही. मध्ये तीन इनसाइडवाले (गर्दीत घुसून बॉल काढणारे) आणि दोन्ही विंगवर त्याच पठडीतले आणखी दोघे. तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा क्लिअरन्स (गर्दीतून बॉल बाहेर काढणं) आमचे जास्त आणि आम्ही ३४ गुणांनी मागे! आमचा गडी वाकून बॉल उपसायचा, पाठीवर दोघं लोंबकळलेले, हँडबॉलसाठी (मुठीने मारून पास द्यायला) मान वळवायचा, तर समोर हातभर अंतरावर आमचाच विंगर. तोही टॅकल करायला धावत आलेला. मग घाईत उंच किक, ती थेट त्यांच्या हाफबॅकच्या (बचावातल्या गड्याच्या) छातीवर, आणि तिथून रिकाम्या विंगवरून बॉल परत आमच्या गोलाकडे. लग्नात सगळेच आचारी, वाढायला कोणी नाही!

तेव्हापासून बोर्डावर आधी दोन विंगर लावतो, मधले तिघे मागाहून. एएफएलमध्ये (तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये) २०१९ पासूनचा ६-६-६ नियम (मैदानाच्या तिन्ही भागांत सहा-सहा गडी) सेंटरला खेळ सुरू होताना विंगरला बाहेर उभा करतो; बॉल वर गेल्यावर त्याला बाहेर ठेवायचं कोचनेच. माझं सांगणं एवढंच: गर्दीपासून पंधरा-वीस पावलं, बाउंड्रीच्या अंगाला. "नुसता उभा राहून काय करू?" असं विचारणारा पोरगा पाच मिनिटांत ढिगाऱ्यात सापडतो. धीर म्हणून नाही. विंग कमीपणाची वाटणाऱ्यांनी २०२२ ची ग्रँड फायनल बघावी. जिलाँगने सिडनीला ८१ गुणांनी धुतलं आणि फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल नेलं विंगवरच्या आयझॅक स्मिथने.

इनसाइड म्हणजे पॅट्रिक क्रिप्ससारखा धिप्पाडच हवा, हाही गैरसमज. लॅकी नील १७७ सेंटिमीटरचा, दोन ब्राउनलो (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) त्याच्या नावावर. मी उंची बघत नाही. बॉल जमिनीवर असताना कोण आधी वाकतो ते बघतो.

डिस्पोजलचे (किक आणि हँडबॉल मिळून) आकडे बघून निवड करू नका. मोकळ्यात उभं राहून आडवे हँडबॉल करणाऱ्याचेही पंचवीस होतात. ॲप बंद करा, दहा मिनिटं त्या एकाच पोरावर नजर ठेवा, बॉल लांब असताना तर नक्कीच.

उलट सगळे पळणारेच घेतले तर पहिल्याच स्टॉपेजला (बॉल अडून पुन्हा टाकला जातो तेव्हा) कळतं: बॉल उपसायला कोणीच नाही.

विंगरला धापा लागेपर्यंत मैदानावर ठेवू नका. त्याची धावच गेली तर तो काय कामाचा?

आणि पाऊस असला की दोन्ही विंगर आत ओढायची घाई नको. मी एकच ओढतो, तोही दुसऱ्या क्वार्टरला.