नाव छापलं नाही, तरी गावाला कळलंच: वसतिगृहातल्या अत्याचाराची बातमी करताना या चुका टाळा

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरातल्या प्रत्येक डेस्कला आश्रमशाळा आणि वसतिगृहं आठवतात. विधान भवनात लक्षवेधी लागते, चौकशीचं आश्वासन मिळतं आणि मला एखाद्या नव्या बातमीदाराचा फोन येतो, “ताई, मुलींच्या वसतिगृहातलं एक प्रकरण हाती लागलंय, दोन दिवसांत लावायचंय.” हे ‘दोन दिवस’ ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. 22 वर्षं हे काम करतेय. आपल्या घाईमुळे मुलींचं झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातलं एक माझ्या हातून झालंय.

ओळख लपवली असं समजणं

2013 ची गोष्ट. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. जिल्ह्यातल्या एका निवासी शाळेतलं प्रकरण होतं. तालुका तेव्हा छापला होता, आज सांगणार नाही. मुलीचं नाव मी अर्थातच दिलं नाही. ‘अल्पवयीन विद्यार्थिनी’ असं लिहिलं. पण वाचकाला ती डोळ्यांसमोर दिसावी म्हणून इयत्ता दिली, भावंडं किती ते दिलं, वडिलांचा धंदा दिला. तो धंदा त्या गावात एकच माणूस करायचा. फोटो पाठमोरा होता. पाठीवर दप्तर, आणि दप्तराला आईनं लावलेलं फुलाफुलांचं ठिगळ.

चौथ्या दिवशी तिचे वडील एसटीनं नागपूरला आले. पन्नीत घडी घातलेला पेपर होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर उलगडला, ठिगळावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “ताई, तुमी नाव नाई टाकलं. मंग गावातल्या पोट्ट्याइले कसं समजलं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या घरानं पुढे गाव सोडलं.

पॉक्सोचं कलम 23 नीट वाचा. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, आणि ज्यावरून ओळख पटेल असा कुठलाही तपशील, हे सगळं त्यात आहे. मोडलं तर सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही. ओळख उघड करायला मनाई करणारं बाल न्याय कायद्याचं कलम 74 वेगळं आहेच. निपुण सक्सेना प्रकरणात डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुरूनही ओळख पटेल असं काही छापू नका, असं बजावलं. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातलं मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण निघालं तेव्हा तर ऑगस्ट 2018 मध्ये मुलींची धूसर केलेली दृश्यंही दाखवायला न्यायालयानं मनाई केली. तेव्हा “चेहरा ब्लर केलाय ना ताई” हे मला कुणी सांगू नये.

आता मी कॉपी पाठवण्याआधी ती त्या गावच्या पानठेल्यावर बसलेल्या माणसाच्या नजरेनं वाचते. हातात लाल पेन. हा तपशील गावातल्या किती घरांना लागू पडतो? दोन-चारच घरं असतील तर तो जातो, कितीही सुंदर वाक्य असो. मुलीचा फोटो काढतच नाही. कुलूप लागलेलं फाटक, बंद पडलेला सीसीटीव्ही, कडी नसलेलं न्हाणीघराचं दार, यांचे फोटो काढते. ती कडी कुणी बसवली नाही, हीच माझी बातमी असते.

यात एक अडचण आहे आणि ती मी लपवणार नाही. शाळेचं नाव द्यायचं नाही म्हटलं की संस्थाचालक त्याच आडोशाला लपतो. मुलीच्या हिताचं असेल तर विशेष न्यायालय ओळख उघड करायची परवानगी देऊ शकतं, तो मार्ग वकिलाला विचारूनच घ्या. तोवर मी संस्थेला मंजुरी देणाऱ्या, अनुदान सोडणाऱ्या आणि तपासणीवर सही करणाऱ्या कार्यालयाच्या मागे लागते. सरकारी खुर्चीचं नाव घ्यायला कुणाची आडकाठी नसते.

मुलीला पुन्हा सगळं सांगायला लावणं

आपण पोहोचतो तोवर तिनं ते आईला सांगितलेलं असतं, पोलिसांना सांगितलेलं असतं, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी रुग्णालयात, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना, कधी बालकल्याण समितीलाही. कायद्यानं पोलिसांना गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, मुलीच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जबाब घ्यायला सांगितलंय. तिला वारंवार साक्षीला बोलावू नये, असंही त्यात आहे. आणि आपण दारातच माइक पुढे करतो.

एका वाहिनीच्या मुलानं असंच केलं. मुलीनं पोलिसांना दिवस सांगितला होता तो ‘वांग्याची भाजी होती त्या दिवशी’ असा. लहान मुलं दिवस असेच लक्षात ठेवतात. यानं चार वेळा खोदून विचारलं, “नक्की वार कोणता?” शेवटी ती म्हणाली, “गुरुवार.” त्याला हवी ती बाइट मिळाली. पुढे उलटतपासणीत बचावपक्षाच्या वकिलानं तीच क्लिप समोर ठेवली आणि दोन सुनावण्या त्या गुरुवारवर गेल्या. त्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहाराचा तक्ता होता, निळ्या खडूनं लिहिलेला. वांग्याची भाजी मंगळवारी. मुलगी पहिल्या दिवसापासून बरोबर होती. तक्ता वाचायला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून मुलीला घटनेबद्दल मी एकही प्रश्न विचारत नाही. हजेरीपट, भेटवही, आजारपणाची नोंदवही, रात्रपाळीचा तक्ता, मध्येच शाळा सोडलेल्या मुलींच्या दाखल्यांच्या तारखा, एवढ्यात पुष्कळ सापडतं. एकाच सत्रात एकाच खोलीतल्या तीन मुलींनी दाखले नेले असतील, तर तिथून सुरुवात करा. मुझफ्फरपूरही आधी सामाजिक लेखापरीक्षणाच्या अहवालातून बाहेर आलं, कॅमेरा नंतर पोहोचला.

लहानपणी सोसलेलं आता मोठेपणी सांगायला पुढे येणाऱ्या बाया वेगळ्या. त्यांना बोलायचं असतं. त्यांना वेळ द्या, ओळख द्यायची तर लेखी संमती घ्या आणि छापायच्या आदल्या दिवशी पुन्हा विचारा. “नको” म्हणाल्या तर नको.

एक्सक्लुझिव्हसाठी माहिती दाबून ठेवणं

हा गुन्हा आहे. पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे कळलं की पोलिसांना कळवायचं, आणि पत्रकाराला त्यातून सूट नाही. रविवारच्या पुरवणीसाठी तुम्ही थांबता तेव्हा ती मुलगी त्याच खोलीत झोपत असते. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्यात कळवा, बातमी मागून येऊ द्या.

निकाल न वाचता मथळा देणं

आपल्याच नागपूर खंडपीठाचा जानेवारी 2021 मधला ‘त्वचेला त्वचेचा स्पर्श’ वाला निकाल आठवा. पॉक्सोच्या कलम 8 मधून, म्हणजे लैंगिक हल्ल्याच्या शिक्षेतून, आरोपी सुटला, पण विनयभंगाच्या कलमाखाली एक वर्षाची शिक्षा कायम होती. ‘कपड्यांवरून स्पर्श हा गुन्हा नाही’ एवढंच लोकांपर्यंत गेलं. त्या आठवड्यात एका आईनं मला फोनवर विचारलं, “मग आमची तक्रार मागे घ्यायची का?” 18 नोव्हेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला, लैंगिक हेतू महत्त्वाचा म्हणाले, तीन वर्षांची शिक्षा पुन्हा लागू केली. मी तिला आपणहून फोन केला. निकालाची प्रत शेवटच्या पानापर्यंत वाचा. वेळ नसेल तर त्या दिवशी लिहू नका.

माहिती अधिकारात भलतंच मागणं

‘अत्याचाराच्या तक्रारींची माहिती द्यावी’ असं लिहिलं की नकार ठरलेला. तपासणी अहवालांच्या प्रती, भेटींच्या तारखा, अधीक्षिकेचं पद किती महिने रिकामं आहे, हे मागा. नावं झाकून उरलेलं द्या, असं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 चा उल्लेख करून अर्जातच लिहा. दहा रुपयांचं तिकीट, 30 दिवस, मग अपील. याला शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

बाकीच्या चुका

संस्थेला रात्री आठ वाजता फोन करून ‘प्रतिसाद मिळू शकला नाही’ लिहू नका, लेखी प्रश्न पाठवा आणि तीन दिवस द्या. “तुला न्याय मिळवून देतो” असं कुणालाही म्हणू नका. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेची भरपाई मिळाली का, हे घरच्यांना विचारा, पुष्कळांना ती ठाऊकच नसते.

आणि बातमी लागल्यावर नाहीसे होऊ नका. शक्यतो वर्षभरात खटला संपवावा असं कायदा म्हणतो. माझ्याकडे एक लांब वही आहे, तिच्यात एका प्रकरणाच्या तारखांना चौथं पान लागलंय. मागच्या तारखेला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात मुलीची आई सकाळी साडेदहापासून बाकावर बसून होती. सुनावणी बंद दाराआड असते, मला आत जाता येत नाही, मी तिच्याशेजारी बसले. दुपारी तीनला पुकारा झाला आणि पुढची तारीख मिळाली. तिनं ती माझ्याच वहीत लिहून घ्यायला सांगितली.