गाडीत घरचं होम थिएटर लावताय? या चुका टाळा

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे मोठा इन्व्हर्टर (गाडीच्या १२ व्होल्टचे घरचे २३० व्होल्ट करणारा डबा) थेट लायटरच्या सॉकेटात खुपसणं. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १२० वॅट, त्यातलेही थोडे इन्व्हर्टर स्वतःच खातो. ३०० वॅट हवे असतील तर बॅटरीतून २५ अँपिअरच्या वर ओढावे लागतात. खोक्यावर काहीही छापलेलं असो.

आमच्या सोसायटीतल्या एका पोराने गणपती आणायला ईकोत होम थिएटर चढवलं. आवाज वाढवला, फ्यूज गेला. दुसरा टाकला, तोही गेला. मग साहेबांनी उडालेल्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. ढोल दणक्यात वाजले आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डमागून जळक्या प्लॅस्टिकचा वास. बाप्पांना घाईघाईने उतरवून आम्ही बॅटरीचं टर्मिनल सोडवलं. सॉकेटची वायर वितळून शेजारच्या वायरिंगला चिकटली होती. दुरुस्तीला गेलेल्या पैशांत बारा व्होल्टचा चांगला कार अँप, म्हणजे अँप्लिफायर, आला असता! फ्यूज उडतो तो वायर वाचवायला, तुमचा मूड घालवायला नव्हे.

शंभर वॅटच्या वर जायचं तर बॅटरीपासून जाड तांब्याची वायर ओढा. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात लावा. इन्व्हर्टरजवळ लावलात तर मधल्या वायरला संरक्षणच राहत नाही.

इंजिन बंद ठेवून मैफल नको. इन्व्हर्टर साधारण साडेदहा व्होल्टला बोंबलतो, तोवर स्टार्टर नुसता टकटक करतो. मी स्वस्तातला व्होल्टमीटर लावून ठेवतो. १२.२ दिसले की इंजिन चालू.

अँपमधून सतत घरघर येते? स्वस्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देत नाही, ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो. ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी मात्र वेगळी. आधी फोनचा चार्जर काढून बघा. शिट्टी थांबली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे चार्जर आणि ऑक्स अशा दोन वाटांनी ग्राउंड जोडला जातोय. ऑक्सच्या वायरीत ती वाट तोडणारा आयसोलेटर टाका किंवा ब्लूटूथ वापरा. एवढं न करता लोक अँप खोलून बसतात.

इन्व्हर्टर सीटखालच्या गालिच्यात कोंबू नका, तापतो. आतले २३० व्होल्ट घरातल्याइतकेच जीवघेणे, तेव्हा टेप गुंडाळलेले जोड चालणार नाहीत.

आणि खरेदीआधी सेट उलटा करून लेबल वाचा. बरेच छोटे स्पीकर १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरवर चालतात. १२ चे २३० करून परत १२ कशाला? फक्त थेट जोडू नका. इंजिन चालू असताना गाडी १४ च्या वर देते. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर टाका.